गाडीचा मागचा डोळा

आमच्या मालकांनी माझ्या जावेचं तुळशीवृंदावन पाडलं, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. पाडलं म्हणजे मुद्दाम नाही. ते गाडी मागं घेत होते आणि मी नेहमीसारखी मागं उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते. तेवढ्यात घरात कुकरची शिट्टी झाली आणि माझी मान आत वळली. मान वळली तरी तोंड चालूच राहिलं, कारण इतक्या वर्षांची सवय, शब्द काय डोळ्यांना विचारून बाहेर पडतो का. मी म्हणत राहिले आणि ते येत राहिले.

जाऊ शेजारीच राहते, अंगण दोघींचं एकच. वृंदावनाला तिनं हल्लीच हिरव्या फरशा लावून घेतल्या होत्या. ती बाहेर आली, मातीचा ढीग बघितला, आणि ओरडली वगैरे काही नाही. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "भावजी, तुळशीनं तुमचं काय वाकडं केलं व्हतं?"

हे खाली मान घालून म्हणाले, "बांधून देतो."

बांधून दिलं. पण बातमी सुदुंबऱ्याला आमच्या मुलाकडं पोचली. तो तिकडं कंपनीत नोकरीला आहे, रविवारचा येतो. आला तो गाडीच्या मागं उकिडवा बसून चेमटलेला बंपर बघत राहिला. मग म्हणाला, "आबा, एकतर गाडीला मागचा कॅमेरा आन् टचस्क्रीन बसवू, न्हाईतर गाडी मी घिऊन जातो. मागं बघता येत न्हाई तुमाला."

"मी काय मागं बघून गाडी चालवतो का? मी म्होरं बघून चालवतो."

"त्येच सांगतोय, आबा."

आता गाडी म्हणजे आमच्या घरात काय आहे ते सांगते. मालकांनी उमेद होती तोवर कामशेत ते पवनानगर वडाप चालवलं. जीपमध्ये माणसं किती बसायची ते विचारू नका, टपावरची वेगळीच. जीप गेली, मग ही जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. चावी ते बंडीच्या खिशात ठेवतात, रात्री उशाखाली. आणि माझं म्हणाल तर माझी धाकटी बहीण वलवणला धरणापाशी दिलेली. तिचे गुडघे गेलेत, माझेही काही फार राहिले नाहीत. आमच्या तिकोणा पेठेहून तिच्याकडं जायचं तर ह्या गाडीशिवाय काही खरं नाही. गाडी गेली म्हणजे त्यांचे हात गेले आणि माझे पाय गेले. म्हणून मीच म्हटलं, बसवा एकदाचा तो कॅमेरा.

मालक तयार झाले त्याचं अजून एक कारण होतं. वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून येईल त्याला अंगणात तिकोणा गडाकडं तोंड करून उभं करायचे आणि सांगायचे, "गडाच्या पायऱ्या दिसत्यात मला हितनं. मोजून दाखवू का?" जवळचं बघायला डॉक्टरांनी चष्मा दिला होता, तो डबीत, डबी कपाटात आणि कपाटाला कुलूप. त्यामुळं पोरगं मागचं दिसत नाही म्हणालं ते त्यांना डोळ्यांवर बोलल्यासारखं लागलं होतं.

कामशेतला हायवेच्या कडेला गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. तिथला फिटर दाढीवाला, बोलायला गोड. त्यानं मला विचारलं, "मावशी, नुस्ती गाणी ऐकायचीत का मॅप पन पायजे?"

म्हटलं, "मला वलवणला जायचंय. त्याला जे लागंल ते बसव."

त्यानं पट्टीनं टोचून टोचून जुन्या टेपभोवतीची चौकट उचकटली आणि टेप बाहेर ओढला. मागं वायरींचा असा लोंबता गोळा आला, की मला जत्रेतला बोकड सोलतात ते आठवलं. त्या खळग्यातून काय काय निघालं. माझ्या टिकल्यांचं पाकीट निघालं, जोगेश्वरीचा अंगारा निघाला, खडीसाखर निघाली, तिला मुंग्या लागून गेलेल्या. एक सुपारी निघाली ती मालकांनी पुसून तोंडात टाकली. फिटर बघतच राहिला.

"आबा, ती किती जुनी असंल."

"माझीच हाय ना," हे म्हणाले.

मग त्यानं नवी चौकट बसवली, वायरींची टोकं टोकांत खुपसली आणि ती पाटीएवढी काळी काच जागेवर दाबली. एक लांब वायर मात्र त्यानं सीटखालून, पायपुसण्याखालून पार डिकीपर्यंत नेली. मागं नंबरप्लेटच्या वर शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा बसवला. मला समजावून सांगितलं, "मावशी, रिव्हर्स गिअर टाकला तरच ह्यो डोळा उघडनार. मागचं सगळं म्होरं काचंत दिसनार. गिअर काढला की बंद."

हे बसले, रिव्हर्स टाकला. काच उजळली आणि दुकानामागं झोपलेलं कुत्रं तिच्यात आलं, त्याच्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा. गाडी कुठवर येईल ते त्या रेघा दाखवतात म्हणे. मालक पुढं वाकून बघत राहिले.

"कुत्र्याच्या कानावर माशी बसलीय," ते म्हणाले. "दिसतीया मला."

जुना टेप त्यांनी मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर दिला. दवाखान्यातून कुणाला घरी आणावं तसा मी तो घरी आणला.

त्यानंतर आमच्या अंगणात रोज सकाळी गाडी पुढं-मागं, पुढं-मागं. कुठं जायचं नसलं तरी. जावेला बोलवायचे, "ए, जरा मागं हुबी राहा. तू दिसतीस का बघू."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "दिसतीय का, भावजी?"

"दिसतीस की. तोंडात मिशरी हाय तुझ्या."

ती तोंड पुसत घरात. तीन दिवस त्याच गोष्टीवर हसली आणि वृंदावनाचा राग त्यातच गेला. माझं मात्र काम गेलं. इतकी वर्षं मी मागं उभी राहून "येऊ द्या" म्हटलं, आता मला आधीच आत बसवून ठेवायचे. काचेत जी बाई रस्ता सांगते तिचं त्यांचं जमलं नाही, ते एक बरं झालं. वलवणला निघालो की ती म्हणायची कामशेतला जा, हायवे धरा. हे दुधिवऱ्याच्या खिंडीकडं वळायचे.

"बाई, रविवारी हायवेनं लोणावळ्यात शिरतात का कधी? पुन्यामुंबैची समदी तितंच असत्यात. मी हितला हाय. तू कुटली?"

ती गप्प, मग पुन्हा मागं वळायला सांगायची. हे पुन्हा तिला गावं मोजून दाखवायचे. खिंड उतरेपर्यंत तिनं हार मानलेली असायची. मी खिडकीतून बघत बसायचे. मध्ये बोलले नाही कधी, कारण इतकी वर्षं ही सगळी उत्तरं मला मिळायची, आता जरा उसंत होती.

मग दसरा आला.

दसऱ्याला गाडीची पूजा आलीच. मुलाला त्या दिवशी ड्युटी होती. मी सकाळीच फोन करून विचारलं, नव्या वस्तूची पूजा कशी करू. तो म्हणाला, "आई, पूजा कर, पन स्क्रीनला हळदीकुंकू लावू नगंस. टच खराब व्हतो."

मी ऐकलं. काचेपुढं नुसतं झेंडूचं फूल ठेवलं. हे पुढं बोनेटला हार बांधत होते. मी गाडीभोवती फिरून चाकांना कुंकू लावलं, मागं जाऊन नंबरप्लेटला लावलं, आणि तिच्यावर तो बटणाएवढा डोळा दिसला. आता बघा, घरात नवी वस्तू आलेली, पहिला दसरा, आणि तिला साधं बोट लावायचं नाही हे माझ्या मनाला पटलं नव्हतंच. काचेला लावायचं नाही म्हणाला होता. डोळ्याला कुणीच नको म्हटलं नव्हतं. आणि खरं काम तर तोच करतो. मी हळद तेलात कालवलेली, कारण पाण्यातली रस्त्यानं उडून जाते. तेलातली हळद लावली, तिच्यावर कुंकू, आणि वर तांदळाचा एक दाणा नीट दाबून चिकटवला. हात जोडले. ह्यांना सांभाळ म्हटलं.

दुपारी आपट्याची पानं घेऊन बहिणीकडं जायचं ठरलं होतं. मी दाराला कुलूप लावत होते, हे गाडीत जाऊन बसले होते. गाडी चालू झाल्याचा आवाज आला, आणि लगेच बंद. हे खाली उतरले.

"आज न्हाई जायाचं."

"का? तिनं पुरनाचं केलंय."

"गर्दी असंल लोनावळ्यात."

लोणावळ्यात गर्दी असेल हे काय त्यांना त्या दिवशी कळलं होतं का. पण तोंड असं उतरलेलं, की मी लावलेलं कुलूप परत काढलं. सोनं शेजारीच जावेला देऊन आलो.

त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं ते मला पुढं कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्यांनी रिव्हर्स टाकला तर काचेत सगळं लाल आणि धुरकट. रेघा तेवढ्या दिसत होत्या, त्यांच्यामागं अंगण नाही, झाड नाही, लाल धुकं नुसतं. पारावर कुणीतरी एकदा सांगितलं होतं, की अमक्या गावच्या अमक्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वर्षानं डोळ्यात रक्त उतरलं, आधी लाल दिसायला लागलं, मग काहीच दिसेना. ते त्यांच्या डोक्यात बसलेलं. त्यांनी उजवा डोळा झाकून बघितलं तर काच लाल. डावा झाकून बघितलं तरी लाल. म्हणजे ऑपरेशन न झालेलाही गेला. दोन्ही गेले. मान वळवून मागं बघावं हे त्यांना सुचलं नाही, कारण मागचं काचेत बघायचं असं आता त्यांनी स्वतःलाच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बघते तर सकाळी अंगणात उभे राहून एक डोळा तळहातानं झाकतात आणि गडाकडं बघतात. मग दुसरा झाकतात. मला वाटलं मोबाईलवर बघून काही योगासनं चालू केलीत.

जावेनं विचारलं, "ताई, भावजी कुनाला डोळा मारत्यात सकाळच्या पारी?"

"गडाला," मी म्हटलं.

गड त्यांना स्वच्छ दिसत होता, पायऱ्यांसकट. मग ते खिशातला मोबाईल काढून बघायचे, तर तो चष्म्याशिवाय अंधूक. तो आधीही अंधूकच होता, पण आता त्यांचा हिशेब पक्का झाला, की आजार जवळून सुरू झालाय आणि हळूहळू लांब जाणार. कपाटातला चष्मा काढून एकदा बघावं की नाही? नाही. चष्मा लावून माणूस म्हातारा दिसतो.

मी म्हटलं, "बरं वाटत न्हाई का? डॉक्टरकडं जाऊ."

"मला काय झालंय?"

"गाडी का काढत न्हाई मग?"

"बॅटरी उतरलीय."

बॅटरी उतरलेल्या गाडीचे दिवे रोज संध्याकाळी लागायचे, कारण हे आत जाऊन रिव्हर्स टाकून बघायचे, लाल गेलं का. मी ते दिवे स्वयंपाकघरातून बघायचे आणि मला वाटायचं बॅटरीच तपासतात.

पाच-सहा दिवस असे गेले. एक दिवस जावेनं त्यांना कामशेतहून कोंबड्यांचं खाद्य आणायला सांगितलं. तिला नाही कसं म्हणायचं, वृंदावनाचं ताजंच. हे बसले, रिव्हर्स टाकला, लाल तर लाल, अंदाजानं जाऊ म्हणून गाडी हळूहळू मागं सोडली. काचेत काही नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "भावजी, थांबा की, झाडतीया मी."

ती गाडीच्या मागंच वाकून अंगण झाडत होती. हातभरावर. काचेत ती नव्हतीच.

हे खाली उतरले. तिला म्हणाले, "खाद्य उद्या आनू." घरात आले, पाणी प्यायले आणि माझ्यासमोर मुलाला फोन लावला.

"गाडी घिऊन जा. रविवारी ये आन् घिऊन जा. व्हय, मीच बोलतोय. नको मला आता." फोन ठेवून दिला.

माझ्या हातात लाटणं होतं. मी म्हटलं, "अवो, असं कसं? तुमाला येड लागलंय का?"

"बास झालं. लय चालवली."

"आन् मी? बहिनीकडं मी काय उडत जाऊ?"

"बस हाय की."

"बस कामशेतला जाती. वलवन काय कामशेतात हाय?"

"पोरगं नेईल तुला."

"पोरगं रविवारी यील, आन् बहिनीचा गुडघा सोमवारी दुखला तर?"

ते उशाखाली चावी ठेवायचे ती त्या दिवसापासून भिंतीतल्या देवळीत ठेवायला लागले. मला राग आला होता तो तिथं गेला आणि भीती वाटायला लागली. हा माणूस तापात असताना वडाप सोडत नव्हता. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अक्का, दाजींना जपून विचार, काहीतरी लपवत्यात." जपूनच विचारलं. म्हणाले, "भाकरी करपतीय."

रविवारी मुलगा आला. त्याची मोटरसायकल इथं ठेवून गाडी न्यायची असं ठरलं होतं. मालकांनी सकाळीच सीट पुसून ठेवली होती. चावी देवळीतून काढून त्याच्या हातात दिली आणि स्वतः लांब जाऊन गडाकडं तोंड करून उभे राहिले. मुलीची पाठवणी करताना बाप उभा राहतो तसे. मला बघवेना, मी भांडी घासायला मोरीत गेले.

गाडी चालू झाल्याचा आवाज आला आणि थांबला.

"आबा, हितं या."

"काय?"

"ह्ये स्क्रीनला काय झालंय? समदं लाल धुरकट दिसतंय."

मी मोरीतून डोकावले. मालक असे निघाले, की एक चप्पल तिथंच राहिली. खिडकीत डोकं घातलं.

"तुला बी दिसतंय?"

"म्हंजे काय? दिसतंय की."

"लाल?"

"लालभडक, आबा. कवापास्नं हाय?"

त्यांनी एक डोळा झाकला, बघितलं. दुसरा झाकला, बघितलं. "तुला बी दिसतंय," ते पुन्हा म्हणाले, पण आता त्यात विचारणं नव्हतं.

मुलगा उतरून मागं गेला. वाकला. मग हाक आली, "आई." एवढीच. त्या हाकेतच मला सगळं समजलं. मी राखेचे हात तसेच घेऊन गेले.

"तुला म्हनलं व्हतं ना, कुंकू लावू नगंस म्हनून."

"स्क्रीनला नगंस म्हनला व्हतास. स्क्रीनला लावलंय का? बघ जाऊन."

"आन् ह्यो तांदूळ?"

"अक्षत हाय ती."

त्यानं रुमालानं पुसलं तर तेलातली हळद अजूनच पसरली. मग मी भांड्यांचा साबण आणला, ओल्या फडक्यानं पुसलं. मालक आत बसून रिव्हर्स टाकून ओरडत होते, "अजून. अजून जरा. डावीकडं ऱ्हायलंय." शेवटी म्हणाले, "दिसली. म्हशीएवढी दिसतीस."

मुलगा हसत सुटला. "रेघा दिसत व्हत्या ना, आबा? डोळं गेलं असतं तर रेघा कशा दिसल्या असत्या?"

"रेघा जाड हायत," मालक म्हणाले.

"पन तुमाला वाटलं काय?"

"डोळं गेलं वाटलं. दुसरं काय वाटनार? तुझी चुलती मागं हुबी व्हती आन् मला दिसली न्हाई. दिसंना तर चालवू का? कुनाला घालू खाली?"

मुलाचं हसणं थांबलं. तो ओट्यावर बसला, चावी हातात फिरवत. मग म्हणाला, "आबा, खरं सांगू का? मला वाटायचं कवातरी तुमच्याकडनं चावी हिसकावून घ्यावी लागनार. त्याचीच धास्ती व्हती."

"हिसकावून बघ की."

"पन तुमी आपल्या हातानं दिली."

"दिली. आता म्हागारी दे."

"दोन गोष्टी ऐकायच्या. उद्या डोळं तपासून यायचं. आन् चष्मा कपाटातनं काढायचा."

"आन् दुसरी?"

"त्याच दोन झाल्या. तिसरी म्हंजे, पुढं कवा दिसंनासं झालं तर मला फोन करायचा."

"आता केला तसाच?"

"तसाच."

मालकांनी हात पुढं केला. चावी हातात पडली तशी ती मुठीत धरून मला म्हणाले, "बसतीस का? तिचं पुरन खराब झालं असंल."

पुरणाला आठवडा होऊन गेला होता, पण मी बसले. साबणाचे हात पदराला पुसत बसले. मुलगा म्हणाला, "आई, आन् माझं जेवान?"

"कालवन चुलीवर हाय. भाकरी तुझ्या चुलतीकडं माग."

गाडी फाटकातून बाहेर पडताना बघितलं तर तो रिकामं ताट घेऊन जावेच्या दाराकडं चालला होता.

खिंडीपर्यंत मालक रस्ता सांगणाऱ्या बाईशी भांडले नाहीत. फक्त वाटेत येईल ती पाटी मोठ्यानं वाचत होते. पुढे वळण आहे. वाहने हळू चालवा. फार्महाऊस भाड्याने मिळेल. घरगुती जेवण, व्हेज नॉनव्हेज. येथे कचरा टाकू नये. मी प्रत्येक पाटीला "व्हय" म्हणत होते.